मंगळावरची कुंडी : भूमिकाखेळाचा पहिला धडा

विज्ञानकथा वाचताना आपण लेखकाच्या स्वाधीन असतो. यान भरकटते, प्राणवायू संपत येतो, नायक एक मार्ग काढतो आणि आपण तो मुकाट्याने मान्य करून पान उलटतो. पण पुष्कळदा मनात येऊन जाते, 'छे! मी तिथे असतो तर असे केले नसते.' हे वाक्य ज्याच्या मनात एकदा तरी आले असेल, त्याच्यासाठी हा लेख आहे. कारण 'मग तू काय केले असतेस?' असे विचारणारा एक खेळ आहे, आणि तो शिकायला वाटतो तितका अवघड नाही. आम्हाला तो अवघड गेला, तो आम्ही चुकीच्या टोकाकडून सुरुवात केल्यामुळे. ती चूक वाचकांनी करू नये, एवढाच हेतू.

खेळ म्हणजे काय?

टेबलाभोवती किंवा सतरंजीवर चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एकेक भूमिका घेतात. कोणी यानाचा चालक, कोणी वैद्य, कोणी अभियंता. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, 'तुम्ही काय करता?' खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. कृती सहज होण्यासारखी असेल तर ती झाली असे मानायचे, अशक्य असेल तर नाही, आणि होईल की नाही याची शंका असेल तर फासे टाकायचे. पट नाही, सोंगट्या नाहीत, कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. शेवटी हाती राहते ती सर्वांनी मिळून घडवलेली एक गोष्ट.

इंग्रजीत याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण भूमिकाखेळ म्हणू. या प्रकारातला छापून विकला गेलेला पहिला खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तो १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. त्यात तलवारी, राक्षस आणि जादू होती. अंतराळाकडे वळणारा 'मेटामॉर्फोसिस अल्फा' १९७६ साली आला आणि पुढच्याच वर्षी, १९७७ साली, मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' आला. एका डबीत तीन छोट्या काळ्या पुस्तिका, एवढेच त्याचे पहिले रूप. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि आजही तो खेळला जातो. जगाला तो जुना, आम्हाला नवा. या लेखात त्याचाच आधार घेतला आहे.

१९७४ हे साल मराठी विज्ञानकथेच्या दृष्टीनेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ते टोपणनाव घेणारे गृहस्थ जयंत विष्णू नारळीकर होते, हे नंतर उघड झाले. परीक्षकांना आपली ओळख पटू नये म्हणून एका मोठ्या शास्त्रज्ञाने दुसऱ्याच माणसाचे सोंग घेतले होते!

सोंग आपल्याला नवे नाही

भूमिकाखेळ परदेशातून आला, पण त्याचे मर्म आपल्या ओळखीचे आहे. कोकणातील दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथानक सर्वांना ठाऊक असते. संवाद मात्र नट रंगमंचावर उभा राहून तिथल्या तिथे रचतो. आमच्या वसतिगृहातील कन्नड मित्रांनी याहूनही जवळचे उदाहरण दाखवून दिले. कर्नाटकाच्या किनारपट्टीवर ताळमद्दळे नावाचा प्रकार आहे. त्यात कलावंत वेषभूषा करीत नाहीत, नाचत नाहीत. बसल्या जागी कृष्णाच्या किंवा कर्णाच्या वतीने उत्स्फूर्त बोलतात, वाद घालतात. हा नवा खेळ म्हणजे यात फाशांची भर आणि शेवट मोकळा. दशावतारात रावण मरणार हे ठरलेले असते. इथे काहीच ठरलेले नसते.

आमची पहिली चूक

दिवाळीच्या सुटीत मी बुऱ्हाणपूरला घरी गेलो, तेव्हा मामे-मावस भावंडे जमली होती. मी नियमपुस्तक उघडले आणि परीक्षेच्या अभ्यासासारखे पहिल्या पानापासून वाचून दाखवू लागलो. यानाचे इंधन, शस्त्रांचे कोष्टक, व्यापाराचे दर! दीड तासाने मामीने जेवायला हाक मारली तेव्हा निम्मी मंडळी आधीच उठून गेली होती. धाकटी बहीण जाताना म्हणाली, "दादा, हा खेळ सुरू कधी होणार?"

तिचा प्रश्न बरोबर होता. पोहायला शिकताना कोणी आधी पाण्याचे रसायनशास्त्र शिकत नाही. नियमपुस्तक हा शब्दकोश आहे. तो अडल्यावर उघडायचा असतो. पहिल्या दिवशी फक्त तीन गोष्टी लागतात : फाशांचा एक नियम, प्रत्येकाचे एक पात्र आणि एक अडचणीचा प्रसंग. त्या क्रमाने घेऊ.

फाशांचा नियम

सहा बाजूंचे, ठिपक्यांचे साधे दोन फासे घ्यावेत. दोन्ही टाकून बेरीज करावी. बेरीज ८ किंवा अधिक आली तर काम साधले, कमी आली तर फसले. पात्राला त्या कामाचे कौशल्य असेल तर तितके गुण बेरजेत मिळवायचे. अजिबात येत नसेल तर अलीकडच्या आवृत्तीप्रमाणे ३ वजा करायचे. काम सोपे असेल तर ८ ऐवजी ६ पुरतात, अवघड असेल तर १० लागतात. बस्स, खेळाचा कणा एवढाच.

मात्र हा कणा समजून घेण्यात मौज आहे. दोन फाशांच्या एकूण ३६ जोड्या होतात. त्यांपैकी बेरीज २ देणारी जोडी एकच, तर ७ देणाऱ्या जोड्या ६. म्हणजे मधल्या बेरजा पुन्हापुन्हा येतात आणि टोकाच्या क्वचित. ८ किंवा अधिक देणाऱ्या जोड्या १५; म्हणजे कौशल्य शून्य असलेल्या माणसाला यश शंभरात सुमारे ४२ वेळा. कौशल्य १ असेल तर ७ पुरतात, जोड्या २१ होतात आणि यश सुमारे ५८ वेळा. कौशल्य २ असेल तर जोड्या २६, यश सुमारे ७२ वेळा. आणि ज्याला काम मुळीच येत नाही त्याला फाशांवर ११ हवेत. त्या जोड्या फक्त ३, म्हणजे शंभरात सुमारे ८ वेळा. कौशल्याचा एकेक गुण किती मोलाचा आहे, हे या चार आकड्यांवरून दिसेल. संभाव्यतेचे गणित वर्गात ज्यांना रुक्ष वाटले, त्यांनी ते इथे पाहावे.

पात्र तयार करणे

पात्राचे सहा मूळ गुण असतात : बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शिक्षण आणि सामाजिक प्रतिष्ठा. प्रत्येकासाठी दोन फासे टाकायचे. सरासरी ७ येते. त्यानंतर पात्राचे मागील आयुष्य ठरवायचे, आणि 'ट्रॅव्हलर'ची खरी गंमत येथे आहे. पात्र अठराव्या वर्षी नोकरीला लागते. नौदल, भूदल, टेहळणी दल, व्यापारी जहाज, जे निवडाल ते. चार-चार वर्षांचा एकेक टप्पा. प्रत्येक टप्प्यात नवी कौशल्ये मिळतात, पण तो टप्पा धडपणे पार पडला की नाही, हेही फासे सांगतात. १९७७ च्या पुस्तिकेप्रमाणे तो फासा हुकला तर पात्र खेळ सुरू होण्यापूर्वीच मरत असे! पुढच्या आवृत्त्यांत मरणाऐवजी एखादा अपघात किंवा नोकरी जाणे अशी सौम्य शिक्षा ठेवली आहे. चौतिसाव्या वर्षापासून वयाचा परिणाम बळ, चपळाई आणि काटकपणा या गुणांवर होऊ लागतो.

तेव्हा प्रश्न असा पडतो : आणखी चार वर्षे थांबून कौशल्य वाढवावे, की तरुण आहोत तोवर बाहेर पडावे? शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. आणि फासे पडत गेले की कागदावरचे आकडे माणूस होऊ लागतात. माझ्या बहिणीच्या पात्राला प्रतिष्ठा ३ आणि शिक्षण ११ मिळाले. ती लगेच म्हणाली, "म्हणजे ही गरीब घरची डॉक्टरीण. हिला बड्या लोकांपुढे बोलायची भीती वाटते." हे तिला कोणी शिकवले नव्हते.

विज्ञानाचे बंधन

विज्ञानकथेच्या खेळात कल्पनेला मोकळीक असते, पण एकदा मान्य केलेला नियम मोडता येत नाही. 'ट्रॅव्हलर'मध्ये एक मोठी गोष्ट गृहीत धरली आहे : यान एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे उडी घेऊ शकते. पण ती उडी लहान असो वा मोठी, सुमारे एक आठवडा घेते, आणि यानाहून वेगाने कोणताही संदेश जात नाही. एवढ्या एका अटीतून केवढे परिणाम निघतात पाहा. दूरच्या ग्रहावर बंड झाले तर राजधानीला ते आठवड्यांनी कळणार. तिथल्या अधिकाऱ्याने हुकमाची वाट पाहायची की स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घ्यायचा?

बुऱ्हाणपूरकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. १६०१ मध्ये अकबराने जवळचा असीरगड घेतल्यानंतर आमचे गाव मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे ठाणे झाले. आग्र्याचा निरोप येथे पोचायला दिवसचे दिवस लागत. तोवर येथील सुभेदाराला स्वतःच्याच अकलेवर चालावे लागे. तारा दूर असो की आग्रा, अडचण एकच.

मंगळावर कुंडी भंडारा

प्रसंग कोठून आणावा, हा नवशिक्याचा तिसरा प्रश्न. पुस्तकात तयार प्रसंग असतात, पण ज्या जगाची आपल्याला सवय नाही त्याचे वर्णन करताना सूत्रधार अडखळतो. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुस्तक बाजूला ठेवले आणि गावातली गोष्ट मंगळावर नेली.

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पुष्कळांना ऐकून माहीत असेल. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने ही योजना उभी केली. सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी भुयारात गोळा करायचे आणि बेताच्या उतारावरून गावात आणायचे. भुयारावर ठराविक अंतराने विहिरीसारखी तोंडे, त्याच कुंड्या. त्या शंभराहून अधिक आहेत. पंप नाही, चाक नाही. पाणी आपल्याच वजनाने वाहते. मार्च २०२४ मध्ये या योजनेचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले.

आता मंगळ. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के, म्हणजे उतारावर पाणी वाहील, पण संथ. हवा इतकी विरळ की उघड्यावर पाणी टिकत नाही. उकळून आणि गोठून जाते. जमिनीखाली बर्फ मात्र आहे. २००८ साली फीनिक्स यानाने तो खणून पाहिला. तेव्हा आमचे भुयार हवाबंद आणि ऊब दिलेले. वर बर्फ वितळवण्याचे केंद्र, त्याखाली वरची वस्ती, शेवटी खालची वस्ती. आणखी एक गोष्ट : त्याच पाण्यातून विजेच्या साहाय्याने प्राणवायू काढायचा. म्हणजे पाणी थांबले की थोड्या वेळाने श्वासही थांबणार.

खेळ असा सुरू झाला. मी सूत्रधार.

"सातव्या कुंडीपाशी भुयाराचे छत खचले आहे. पाणी अडले. खालच्या वस्तीत चाळीस माणसे आहेत, टाकीत सहा तासांचे पाणी उरले आहे. तुम्ही काय करता?"

अभियंता झालेल्या मावसभावाने विचारले, "दुरुस्तीला किती वेळ?"

"वरचा दरवाजा बंद करून केलीस तर नऊ तास, काम सोपे, सहा हवेत. पाणी वाहते ठेवून केलीस तर चार तास; काम अवघड, दहा हवेत."

त्याचे कौशल्य २. म्हणजे पहिल्या मार्गाला फाशांवर ४ पुरेत, ३६ पैकी ३३ जोड्या त्याच्या बाजूच्या. पण खालच्या वस्तीला तीन तास प्राणवायू कमी पडणार. दुसऱ्या मार्गाला फाशांवर ८ हवेत, जोड्या १५. कागदावर हिशेब मांडून तो गप्प बसला. आदल्या दिवशी याच मुलाने शस्त्रांचे कोष्टक ऐकताना जांभया दिल्या होत्या.

मग बहीण म्हणाली, "चाळीस जणांना वरच्या वस्तीत आणले तर? गाडी आहे ना आपल्याकडे?"

हा मार्ग माझ्या मनातही आला नव्हता, पुस्तकात तर नव्हताच. आणि येथेच भूमिकाखेळ इतर खेळांहून वेगळा होतो. बुद्धिबळात उंट तिरपाच चालतो. येथे खेळाडूला सुचलेली रास्त गोष्ट सूत्रधाराने मानायची असते. मी म्हटले, "वरच्या वस्तीचा प्रमुख तयार नाही. आमचेच पाणी पुरत नाही म्हणतो. त्याला काय सांगतेस?"

ती एरवी पाहुण्यांपुढे तोंड न उघडणारी मुलगी. पण त्या प्रमुखाला तिने पाचेक मिनिटे समजावले. खालच्या वस्तीतील माणसांनीच भुयार खणले आहे, याची आठवण करून दिली. तिच्या पात्राला मन वळवण्याचे कौशल्य नव्हते, म्हणून ३ वजा. पण मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी २ वाढवून दिले. फाशांवर ९ हवेत. पडले ६.

आता सूत्रधाराने काय करावे? 'तो नाही म्हणाला' एवढेच सांगितले तर गोष्ट तिथेच अडकते. अपयशातूनही कथा पुढे सरकली पाहिजे, किंमत मात्र घेतली पाहिजे. मी सांगितले, "फक्त मुले आणि आजारी घेतो म्हणाला. पंधरा जण. पंचवीस खालीच राहतील."

मग त्यांनी पंधरा जणांना वर आणले आणि अभियंत्याने वाहत्या पाण्यात काम करायचे ठरवले. फाशांवर ८ हवेत. पडले ७.

कोणी बोलेना. खरे सांगायचे तर फासे माझ्याच अंगाशी पडले होते आणि '८' म्हणावे असा मोह मला झाला. आपलीच भावंडे, पहिलाच डाव, एका ठिपक्याचा प्रश्न! पण खोटे बोललो असतो तर त्यांनी आधी केलेला सगळा विचार फुकट गेला असता. निकाल मी दयेने बदलणार हे कळल्यावर पुढच्या वेळी कोण हिशेब मांडणार? मी ७ सांगितले. एकानेच हुकले होते, म्हणून दुरुस्ती अर्धी टिकली असे ठरवले : पाणी सुरू झाले, पण निम्मे. कोणी दगावले नाही. मात्र महिनाभर दोन्ही वस्त्यांना मोजून पाणी, वरच्यांनाही.

डाव संपल्यावर बहीण म्हणाली, "वरच्या प्रमुखाला आधीच विचारायला हवे होते. अडचण आल्यावर नव्हे." मंगळावरची गोष्ट संपून गावची सुरू झाली होती. सकाळी आम्ही सगळे लालबागेकडे कुंडी पाहायला गेलो. लहानपणापासून शेजारून जात होतो. वाकून आत पाहिले ते त्या दिवशी.

नवशिक्यांसाठी चार सूचना

पहिली : सर्वांनी पुस्तक वाचण्याची गरज नाही. एकाने वाचावे, इतरांनी खेळता खेळता शिकावे. नियम आठवला नाही तर डाव थांबवू नये; त्या वेळेपुरता रास्त निर्णय घ्यावा आणि नंतर पुस्तक पाहावे.

दुसरी : ऊठसूट फासे टाकू नयेत. दार उघडायला फासे नकोत. यश आणि अपयश दोन्हींतून काही वेगळे घडणार असेल तेव्हाच टाकावेत, आणि काय पणाला लागले आहे ते आधी सांगावे.

तिसरी : सूत्रधार हा खेळाडूंचा शत्रू नव्हे. त्याने अडचण द्यावी, उत्तर मनात धरून ठेवू नये. आणि एकच खेळाडू सारखा बोलत असेल तर गप्प बसलेल्याकडे वळून विचारावे, 'तू काय करतोस?'

चौथी : भाषेची भीती नको. पुस्तक इंग्रजीत असले तरी खेळ इंग्रजीत खेळावा लागत नाही. घरी आमचा डाव मराठीत झाला, मध्ये मध्ये बुऱ्हाणपुरी हिंदी आलीच. वसतिगृहात तो मराठी-कन्नडमध्ये चालतो. वरच्या वस्तीचा प्रमुख कन्नड बोलतो आणि खालची वस्ती मराठी. त्यांच्यामध्ये दुभाषी होणे हे एका खेळाडूचे महत्त्वाचे काम होऊन बसले आहे.

समारोप

आपल्या अभ्यासक्रमात बहुतेक प्रश्नांची उत्तरे पुस्तकाच्या शेवटी छापलेली असतात. चुकले तर गुण जातात, म्हणून आपण न चुकण्याची सवय करतो आणि पुढे पुढे उत्तर न देण्याचीही. या खेळात छापील उत्तर नाही. अपुरी माहिती, थोडा वेळ आणि ३६ जोड्यांचे गणित समोर ठेवून काही तरी ठरवावे लागते, आणि जे पडेल ते पत्करून पुढे चालावे लागते. हे शिकायला दोन फासे, एक पेन्सिल आणि चार माणसे पुरतात.

पुस्तक मागाहून वाचा. आधी आपल्या गावातली एखादी विहीर, गिरणी किंवा पूल घ्या, तो दुसऱ्या ग्रहावर न्या, त्यात काही तरी बिघडवा, आणि शेजारी बसलेल्याला विचारा : मग तू काय करतोस?